वहिनी, वेल काढतो आहे

वहिनी,

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेरावे झाले, पाहुणे आपापल्या गावी गेले, दादा पुन्हा धानाच्या बांधीवर जाऊ लागला. मी मात्र घरामागच्या सांदवाडीत कुदळ घेऊन बसलो आहे. आठ दिवसांची रजा उरली आहे, आणि तेवढ्यात मला तुझी ही वेल मुळापासून काढायची आहे. खरे तर हे काम आषाढातले. तेव्हा तू बोलावलेस आणि मी आलो नाही. लढाई चालू आहे, रेल्वेत कुणालाच सुटी नाही, रजा नामंजूर झाली, असे कार्ड टाकले. ते खोटे होते. रजा मिळाली होती, वहिनी. एवढे एक वाक्य तुझ्यासमोर बसून बोलायचे होते. ते राहिले, म्हणून कागद घेऊन बसलो आहे.

अश्विन लागला आहे. तुला ठाऊक आहे या दिवसांत सांदवाडी कशी दिसते. विहिरीच्या काठापासून मागच्या बांधापर्यंत सगळे गुलाबी. दुपारी जेवून मी बाज टाकतो आणि आडवा होतो. वर फुलांचे घोस लोंबत असतात, त्यांत मधमाश्यांचा गुंगगुंग आवाज. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत तोच गुलाबी उजेड राहतो. मग तू येतेस. पदर कमरेला खोचलेला, हातात कुदळीचा तुटका दांडा, चालताना पाय न वाजवता. वेलीखाली वाकून काहीतरी शोधत असतेस आणि माझ्याकडे पाठ असते. मी हाक मारत नाही, कारण हाक मारली की मी जागा होतो, हे एव्हाना मला कळले आहे. काल तू बराच वेळ होतीस. मी तुझी पाठ बघत पडून राहिलो. जागा झालो तेव्हा चार वाजून गेले होते आणि कुदळीवर ऊन आले होते.

मला वाटते तू पहिल्यांदा या घरात आलीस तेव्हाही मी तुला पाठमोरीच पाहिले. मी नऊ वर्षांचा होतो, आई जाऊन दोन वर्षे झाली होती, आणि दादा लग्न करून तुला घेऊन आला. तू चुलीकडे तोंड करून बसली होतीस. मला पाहून उठलीस, डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "भाऊजी, तुमी जेवले का?" शेंबड्या पोराला इतक्या मानाने कुणी विचारले नव्हते. मी दाराआड पळालो. पुढे तू माझे नाक पुसलेस, डोक्यातल्या उवा काढल्यास, शाळेत जात नाही म्हणून शिमटीने पाय फोडलेस, पण "तुमी" काही सोडले नाहीस. "भाऊजी, तुमी आता मार खासान," असे तू म्हणायचीस आणि मारायचीस. मी तुला कायम "तू" म्हणत राहिलो. ते तुला चालले, यातच आपले सगळे नाते आले.

वेल मीच आणली, हे मी कधी नाकारले नाही. गोंदियाला मालधक्क्यावर कारकून म्हणून लागलो, त्या पहिल्याच वर्षी. साहेबाच्या बंगल्यापुढे लोखंडी कमानीवर ती चढलेली असे. मी रोज तिच्याखालून कागद घेऊन जायचो. पहिला पगार झाला तेव्हा तुला काय न्यावे हे कळेना. लुगडे दादाने घ्यायचे, मी घेतले तर बरे दिसले नसते. बंगल्याचा माळी रायपूरकडचा म्हातारा होता. त्याला मागितले तर त्याने माती उकरून रताळ्याएवढा एक कंद काढून दिला. म्हणाला, "ले जा बाबू. ए ह कभू नइ मरय." कधीच मरत नाही. मला ते त्या वेलीचे कौतुक वाटले. म्हातारा बिचारा सावध करत होता, हे कळायला मला सहा वर्षे लागली.

ओल्या गोणपाटात गुंडाळून, छोट्या गाडीत मांडीवर घेऊन मी तो कंद सौंदडला आणला. स्टेशनावरून बांधाबांधाने चालत घरी आलो, पायाला चिखल, हातात हे बाळ. तू विचारलेस, "हे खाची आहे का?" मी म्हटले, "नाही, फुलाची." तुझा चेहरा पाहण्यासारखा झाला. पोराने पहिल्या पगारातून काही आणावे आणि ते खायचे नसावे, हे तुला नीटसे पटले नाही. पण तू तिथेच, विहिरीच्या कडेला, हाताने खड्डा केलास आणि लावलीस. वर शेण घातलेस. पाणी घातलेस. मी साहेबाच्या कमानीचे वर्णन करत होतो आणि तू "हो का, हो का" म्हणत होतीस.

दोन वर्षे सुखाची गेली. गावातल्या बाया बघायला यायच्या. "साहेबाची वेल" हे नाव त्यांनीच ठेवले. तू फुलांचे तुरे देवापुढे ठेवायचीस, आणि एकदा मी न सांगता आलो तेव्हा तुझ्या अंबाड्यातही एक तुरा होता. मला पाहताच तो तू इतक्या घाईने काढलास की अर्धा केसांतच राहिला. मी काही बोललो नाही. बोलायला हवे होते. बरा दिसत होता.

तिसऱ्या वर्षी तिने दोडक्याचा मांडव खाली आणला. मग जांबाच्या झाडावर चढली आणि झाडाला श्वास घेऊ दिला नाही. तुझा तो जांब, ज्याचे पेरू आतून लाल निघायचे तो, उभ्या उभ्या वाळला. मग ती छपरावर गेली, कवेलूंखाली शिरली, आणि पावसात स्वयंपाकघरात सहा ठिकाणी गळू लागले. मला कार्ड आले. दादाच्या मोठमोठ्या अक्षरांत तुझी एकच ओळ होती: तुमची वेल घरात शिरली. मी मालधक्क्यावर सगळ्यांना दाखवून हसलो. आज तेच कार्ड कुणी पुढे धरले तर मला हसता येणार नाही.

आणि मग दादाने ती चिखलणी केली. त्या दिवशी मी घरी होतो म्हणून बरे, नाहीतर मला कुणी सांगून खरे वाटले नसते. धान करणाऱ्या माणसाला तण मारण्याचा एकच रस्ता ठाऊक. बांधीत पाणी साठवायचे, बैल घालायचे, नांगर फिरवायचा, सगळे तण चिखलात गाडायचे. आठ दिवसांत कुजून त्याचे खत होते. दादाने बापजाद्यांपासून हेच पाहिले होते. त्याने सांदवाडीला मातीचा बांध घातला, पावसाचे पाणी अडवले, मागची भिंत दोन हात पाडून बैलजोडी आत घेतली आणि दिवसभर चिखल केला. तुझी मिरची गेली, अळू गेले, लिंबाचे रोप गेले. तू ओसरीत उभी होतीस. दादा चिखलाने माखून बाहेर आला आणि म्हणाला, "आता पाहा. हिचं नावबी नाही राहत." वर जागा मोकळी दिसते म्हणून त्याने धानाची चार रोपेही लावून टाकली.

नांगराने प्रत्येक कंदाचे दहा तुकडे केले होते. महिन्याभरात सांदवाडीभर, वितीवितीवर, लालसर कोवळे कोंब उभे राहिले. धानाची चार रोपे त्यांत केविलवाणी दिसत होती. तू दादाला फक्त एवढेच म्हणालीस, "तुमी चांगलं पीक घेतलं." तो तीन दिवस सांदवाडीकडे फिरकला नाही. पुढच्या फेरीत हे ऐकून मी पोट धरून हसलो. तू मात्र हसली नाहीस. त्या मातीत तुझ्या हातांची इतक्या वर्षांची मेहनत होती आणि मी पाहुण्यासारखा हसत होतो, हे मला फार उशिरा उमगले.

कुदळ तू हातात घेतलीस ती तेव्हापासून. वेल ओढायची नाही, ओढली की तुटते आणि कंद आत राहतो. कोंबाच्या बाजूने माती मोकळी करायची, मुळाचा धागा बोटांनी चाचपत खाली जायचे, आणि कंद अख्खा वर काढायचा. काढलेला उकिरड्यावर टाकला तर तिथेही उगवायचा. तेव्हा तुला उकड्या तांदळाची आठवण झाली. "धान उकडला का मंग थो उगवत नाही. हेबी उकडून पाहू," असे म्हणून तू अंगणात तीन दगड मांडलेस, वर हंडा चढवलास, आणि साहेबाच्या बंगल्याची शोभा रटरट शिजवलीस. उकडलेला कंद खरोखरच उगवला नाही. माझ्या सगळ्या शिकण्यात इतके नेमके काही मी शोधून काढलेले नाही.

पुढे माझी बदली बिलासपूरला झाली. लग्न झाले, यमुना झाली. घरी येणे लांबत गेले. पण आषाढात कार्ड यायचेच: वेल वर आली, भाऊजींनी यावे. धानाच्या रोवणीचे दिवस असायचे, घरातली सगळी माणसे बांधीत, म्हणून सांदवाडीला हात लावायला कुणी नाही, असे त्यात लिहिलेले असे. मी कुरकुरायचो. बायको म्हणायची, एका वेलीसाठी एवढा प्रवास? तरी मी यायचो. चार दिवस तू आणि मी समोरासमोर उकिडवे बसून माती उकरायचो. वर आभाळ खाली आलेले, बांधीतून बायांची गाणी ऐकू यायची, भिजल्या मातीचा आणि हंड्यातल्या धुराचा वास. काय बोलायचो आपण? काहीच नाही. यमुनेचे दात, दादाची पाठ, गावात कुणाचे काय. कधी तासभर कुणीच बोलायचे नाही. मुळाचा धागा माझ्या बोटांत असायचा आणि त्याचे दुसरे टोक तुझ्या. बिलासपूरला मला झोप न येण्याचा आजार आहे. त्या चार दिवसांत मी दगडासारखा झोपायचो.

एक वाद मात्र दरवर्षी व्हायचा. मी म्हणायचो, एका कोपऱ्यात राहू दे, डोळ्यांना बरी वाटते, मधमाश्या येतात. तू म्हणायचीस, "डोळ्याचं काय घेऊन बसले भाऊजी, भाजी होते का हिची?" मी म्हणायचो, सगळेच काय खायला लागते का? तू म्हणायचीस, ज्याचे पोट भरलेले आहे त्याला असे सुचते. यावर मी रागवायचो. मग तू ताटात जास्तीचा भात वाढायचीस आणि विषय पुढच्या वर्षावर जायचा. तुझे बरोबर होते की माझे, हे आता ठरायचे नाही.

या आषाढातले सांगतो. कार्ड आले. मी अर्ज केला, आणि लढाईचे दिवस असूनही पाच दिवसांची रजा मिळाली. ऑफिसातले दोघे सहकुटुंब अमरकंटकला निघाले होते. यमुना मागे लागली. मी मनाशी म्हटले, वेल काय, पुढच्या वर्षीही असेल. आम्ही गेलो. सगळा डोंगर ढगात होता. दहा हातांवरचे दिसत नव्हते. झाडे मधेच उगवायची आणि मधेच नाहीशी व्हायची, देवळाची घंटा कुठून वाजते ते कळायचे नाही, यमुना ढगात हात घालून "पकडा, पकडा" म्हणत पळायची. फार सुंदर होते, वहिनी. तुझी आठवण आली नाही. एकदाही नाही. एवढे खोटे लिहिल्यावर आता खरेच लिहायचे.

मग भाद्रपदात तार आली. ताप होता, चार दिवसांचा. मी पोहोचलो तेव्हा अंगणात पाणी शिंपडलेले होते आणि दादा भिंतीला टेकून बसला होता.

इथवर लिहून कागद ठेवला होता; तेव्हापासून तीन दिवस खणतो आहे. विहिरीकडचा भाग आधी घेतला. तिथे जे मिळाले ते दोनचार बारीक कंद, बोटाएवढे. वर गुलाबी डोंगर दिसतो, पण तो सगळा मागच्या कोपऱ्यातून आलेला, लांब लांब पसरून. काल त्या कोपऱ्यात कुदळ घातली. पहिला कंद निघाला. तिथून वीतभर अंतरावर दुसरा. पुन्हा वीतभरावर तिसरा. सरळ ओळीत. माती भुसभुशीत, तिच्यात जुने शेण. मी मातीवर बसलो. आपोआप वाढलेली वेल ओळ धरत नाही.

संध्याकाळी दादा बांधीवरून आला. मी त्याला ओळ दाखवली. त्याने डोक्याचे फडके सोडून तोंड पुसले.

"थे तं खलास झाली होती," तो म्हणाला. "पाच-सहा साल झाले असतीन. तिनं एक कांदा नाही ठेवला होता."

"मंग हे?"

"हे तिनंच लावले. दरसाली चार-पाच कांदे न उकडता ठेवे, अन् तुमी गेले का इथं मातीत टाके. म्या म्हनलं, काऊन वो, इतकी मेहनत करून काढली, अन् आता कायले लावतेस? तं म्हने, हे सरली तं भाऊजी कायले येतीन?"

दादा एवढे कधी बोलत नाही. मलाही तो अचानक "तुमी" म्हणाला, तुझे शब्द तोंडात होते म्हणून असेल. गेल्या पाच-सहा वर्षांत मी काढलेला प्रत्येक कंद तू माझ्यासाठी लावलेला होता. आणि माझ्यासमोर बसून, "भाजी होते का हिची," म्हणून भांडत होतीस. वहिनी, तू इतकी लबाड असशील असे मला कधी वाटले नव्हते.

आज सकाळपासून आम्ही दोघांनी मिळून तो कोपरा खणला. दादाची पाठ दुखते, तरी तो उठला नाही. मी त्याला विचारले होते, ठेवायची का थोडी? तो म्हणाला, "जिनं लावली थे गेली. काढून टाक." मलाही तेच बरे वाटले. दुपारपर्यंत ओळ संपली. तीन दगड मांडले, हंडा चढवला. बाजूला तोडलेल्या वेलींचे भारे पडले होते, त्यांवर अजून मधमाश्या फिरत होत्या. धुरातून पलीकडचे सगळे हलल्यासारखे दिसत होते, आणि दोनदा मला वाटले की तू मागच्या दारातून आलीस. दादानेही तिकडे पाहिले.

मग मी सांगितले. तुला सांगायचे होते ते त्याला. "दादा, आषाढात मले रजा भेटली होती. म्या खोटं लिवलो होतो."

दादा काडीने जाळ सारत होता. "मालूम आहे," तो म्हणाला.

"कसं काय?" मी विचारले.

"यमुनीचं कार्ड आलतं ना. तिच्या मोठीमायले. अर्धं हिंदीत, अर्धं आपल्यात. अमरकंटकले गेलो, बादल पकडला, बाबूजी भी भागे. म्याच तं वाचून देल्लो."

यमुना तुला कार्ड लिहिते, हे मला ठाऊक होते. दर महिन्याला एक कार्ड मीच तिला आणून देतो. ती काय लिहिते ते मी वाचत नाही. पोरीचे पत्र आहे, तिचे ती टाकते.

"वहिनीले मालूम होतं?" मी विचारले.

"दोनदा वाचाले लावलं तिनं. बादल पकडला थे ऐकून हासली. मंग मले म्हने, भाऊजीले सांगू नोका आपल्याले मालूम आहे म्हनून. लाजतीन, अन् मंग येनं सोडतीन."

वहिनी, मी लाजलो. दादासमोर, पोरासारखा, गुडघ्यात डोके घालून बसलो आणि रडलो. दादा जाळ सारत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने हंडा उतरवला.

पण इतकी वर्षे मला वाढवूनही या एका बाबतीत तू मला चुकीचे ओळखलेस. लाज वाटली तरी माणूस येतो. पुढच्या आषाढात इथे काढायला काही नसेल आणि कार्डही येणार नाही. मी रोवणीच्या दिवसांत यमुनेला घेऊन येईन, चार दिवस राहीन.